सावकाशची लाल गाडी

आईबाप ठेवतात ते नाव कागदावर राहतं आणि गल्ली ठेवते ते अंगाला चिकटतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या या पोराला कागदावर चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते लायसन्स काढतानाच काय ते बाहेर आलं. एरवी तो सावकाश. गल्लीत सावकाश, दुकानात सावकाश, आणि आई रागावली की घरातसुद्धा सावकाशच.

हे नाव पडलं शाळेच्या मैदानावर, आणि पाडलं ते त्याच्या सख्ख्या आत्यानं. आत्या त्याच शाळेत कवायतीची बाई होती. आवाज असा की शिट्टी विसरली तरी तिचं काही अडत नसे. तर वार्षिक शर्यती चालल्या होत्या. बाकीची पोरं धावून पोचली, पाणी प्यायली, बक्षिसं वाटून झाली, शिपाई खुर्च्या उचलायला लागले, आणि हा अजून निम्म्या मैदानात. झालं होतं इतकंच की याच्या बुटाची नाडी सुटली होती. ती यानं खाली बसून, दोन्ही टोकं सारखी आहेत ना हे बघून, पुन्हा सोडून, पुन्हा बांधली होती. आत्याला दया आली. तिनं कर्ण्यावरून सांगितलं, "सावकाश ये रे बाळा, पडू नकोस." साऱ्या शाळेनं ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून पोराचं बारसं नव्यानं झालं.

तसं नाव खोटं होतं असंही नाही. हा जेवायला बसला की गरम अन्न गार व्हायचं, आणि आई ते परत गरम करायला उठली की म्हणायचा, "राहू दे, होतच आलंय." केस कापायला गेला की न्हावी आधी विचारायचा, "आज की उद्या?" पण काचेच्या कामात मात्र हाच गुण कामाला आला. चष्म्याची काच फ्रेमच्या मापाला घासायची तर घाई चालत नाही. जरा जास्त दाबलं की कडेचा टवका उडाला. दुकानाचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडे काच उशिरा मिळते, पण परत येत नाही."

आता अशा माणसाला गाडी घ्यायची हौस आली, तर कुठली यावी? चार दारांची, शांत, म्हशीसारखी सालस एखादी यावी. तर नाही. याला हवी होती दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लाल.

त्याचं मूळ दुकानासमोरच्या सिग्नलला होतं. काच घासता घासता तो मान वर करायचा. एखादी तसली गाडी लाल दिव्याला येऊन उभी राहायची, गुरगुरायची, आणि दिवा हिरवा झाला की ती तिथं नसायची. बाकीच्या गाड्या निघायच्या. ही नसायची. खरं सांगायचं तर याला ती गाडी हवी होती त्याहून तिचं ते नसणं हवं होतं. आपण तशा गाडीतून दाराशी उतरलो तर मला सावकाश म्हणायची कुणाची टाप आहे, असा त्याचा हिशेब. इतकी वर्षं अंगाला चिकटलेलं नाव धुऊन काढायला त्याला दुसरा साबण दिसत नव्हता.

पहिल्या पगारापासून बाजूला टाकलेले पैसे होते. त्यात नवी गाडी आली नसती. नव्या गाडीचं एक दार आणि फार तर दोन चाकं आली असती. म्हणजे जुनीच बघायची. त्याआधी तो विमा एजंटाकडे चौकशीला गेला.

"वय?" एजंटानं विचारलं.

"चोवीस."

"गाडी?"

"दोन दारांची."

"रंग?"

"लाल."

एजंटानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे आपटणार आहात हे तुम्ही मला आधीच कळवायला आलात."

"मी फार हळू चालवतो हो."

"सगळे हेच म्हणतात," एजंट म्हणाला आणि त्यानं असा आकडा सांगितला की सावकाश नेहमीपेक्षाही सावकाश घरी आला.

पुढचे काही महिने रविवार आला की हा गाड्या बघायला जायचा. पहिली भेटली ती पिवळी. यानं तिला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातल्या, खाली झोपून पोट बघितलं, उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "विचार करून सांगतो." विचार पूर्ण करून पुढच्या रविवारी गेला तर गाडीच्या जागी तेलाचा डाग तेवढा होता. दुसरी होती एका पोराची. मागच्या डिकीवर हा भला थोरला पंख लावलेला. मागं पंख लावून कावळ्याचा गरुड होत नाही, पण आवाज मात्र गरुडाच्या आख्ख्या कुळाचा होता. सावकाशनं विचारलं, "विकताय का?"

"लग्न ठरलंय."

"त्यांना आवडत नाही?"

"तिला आवडते. तिच्या वडिलांना लांबून ऐकू येते."

यानं विचार करून होकार कळवेपर्यंत ते लग्न मोडलं आणि पोरानं गाडी ठेवून घेतली.

तिसरी गाडी मिळाली ती शपथवाल्याकडे. गावाबाहेर पत्र्याच्या कुंपणात जुन्या गाड्या विकणारा हा इसम दर दुसऱ्या वाक्याला शपथ घ्यायचा, म्हणून ते नाव. त्याच्याकडची प्रत्येक गाडी आधी एका डॉक्टरीणबाईंची असायची आणि घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, यापलीकडे कधी गेलेलीच नसायची. त्याचं खरं मानलं तर गावात इतक्या डॉक्टरीणबाई झाल्या असत्या की आजारी पडायला माणूस उरला नसता. पण या कुंपणात, एका कोपऱ्यात, ती उभी होती. लाल, दोन दारांची, सिग्नलवरून नाहीशी होणाऱ्यांच्या जातीची. भाव फार न ताणता सांगितलेला, म्हणजे संशय यावा इतका बरा. तरी सावकाशचे पैसे त्याला थोडे तोकडे पडणारे.

तो तोकडेपणा भरून काढायला आत्या तयार झाली. आत्या आता निवृत्त होऊन भावाकडेच राहायची. अंगानं भरलेली, गुडघे कुरकुरणारे, पाठ कायमची धरलेली. पण घरात शब्द तिचा. आणि या घराचा एक जुना रिवाज होता: बसायची कुठलीही वस्तू आत्यानं बसून पास केल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. खुर्च्या, पलंग, सायकलची मागची सीट, सगळं तिच्या परीक्षेतून गेलेलं. एक सोफा तर टेम्पोतून उतरायच्या आधीच नापास होऊन परत गेला होता. आत्यानं टेम्पोतच चढून बसून बघितलं होतं.

"कमी पडतील ते मी घालते," आत्या म्हणाली. "पण मी बसून बघणार. बरं वाटलं तर गाडी तुझी. नाही वाटलं तर पैसेही नाहीत आणि विषयही नाही."

"आत्या, ती गाडी जरा खाली आहे."

"मी जरा जड आहे. बघू कोण कुणाला पुरतं ते."

झालं. रविवारी दोघं कुंपणात हजर. शपथवाल्यानं लांबूनच हात जोडले.

"या मावशी, या. गाडी नाही हो, दागिना आहे. डॉक्टरीणबाईंचा. आईशप्पथ."

"मावशी नाही, बाई म्हणा. कसल्या डॉक्टर?"

"दातांच्या."

"गेल्या वेळी डोळ्यांच्या म्हणालात," सावकाश म्हणाला.

"दोन्ही बघायच्या," शपथवाला डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाला.

गिऱ्हाइकाला एकट्याला गाडी द्यायची नाही हा त्याच्या धंद्याचा नियम, त्यामुळं तोही बरोबर निघाला. दोन दारांच्या गाडीत मागं जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. मागची सीट म्हणजे तरी काय, आहे म्हणायला होती. तिच्यावर तो गुडघे कानाशी घेऊन बसला. मग पुढची सीट सरळ केली आणि आत्या बसली. बसली म्हणजे विहिरीत बादली सोडावी तशी खाली खाली गेली आणि तळाला टेकली.

"कशी आहे?" सावकाशनं जीव मुठीत धरून विचारलं.

"जमिनीवर आहे," आत्या म्हणाली. मग तिनं पाठ मागं टेकली. ती सीट दोन्ही कुशींनी धरून ठेवणारी, खोलगट. आत्या मग हळूच म्हणाली, "अरे, पाठ थांबली दुखायची."

शपथवाला मागून म्हणाला, "घ्या साहेब, मोठ्या रस्त्याला घ्या. एकदा कान पिळून बघा तिचा."

सावकाशनं मोठ्या रस्त्याला घेतली. कान मात्र पिळला नाही. इतकी वर्षं जिची वाट बघितली तिला पहिल्याच भेटीत पळवायचं म्हणजे त्याला बरं दिसेना. पाण्याचा टँकर मागून हॉर्न देत पुढं गेला. मग एक सायकलवालाही आत डोकावून बघत गेला. तरी गाडी छान चालली, आणि पाचएक मिनिटांत सगळे परत कुंपणात आले.

इथवर सगळं बेतात होतं. पण आत्या उतरायला गेली आणि उतरेना.

एक पाय बाहेर काढला तर दुसरा आत अडकायचा, दुसरा काढावा तर पहिला परत आत. गुडघ्यांत बळ नाही आणि धरायला काही नाही. कुंपणात सात-आठ गिऱ्हाइकं गाड्या सोडून हिच्याकडं बघायला लागली. सावकाशनं हात पुढं केला.

"हात खाली कर," आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "साऱ्या शाळेला मी उड्या मारायला शिकवलं. या लोकांसमोर मला कुणी ओढून काढायचं नाही. दार लाव आणि घरी चल. आपल्या दाराशी पायरी आहे, कठडा आहे, तिथं उतरते."

"आणि मी?" मागून आवाज आला.

तेव्हा दोघांच्या ध्यानात आलं की आत्या उठल्याशिवाय तिची सीट वाकणार नाही, आणि सीट वाकल्याशिवाय शपथवाला सुटणार नाही.

"माझ्या बाजूनं या ना," सावकाश म्हणाला आणि खाली उतरून त्यानं आपली सीट वाकवायची खिटी ओढली. खिटी त्याच्या हातात आली.

"ती जरा बघायची राहिलीय," शपथवाला म्हणाला.

मग काय, वरात निघाली घराकडं. रस्ता बाजारातून. रविवार, मुंगीला वाट नाही अशी माणसांची गर्दी, ऊन डोक्यावर. गाडी दोन हात पुढं जायची आणि उभी राहायची.

"एसी लाव रे," आत्या म्हणाली.

"नको बाई," मागून घाईनं उत्तर आलं. "पेट्रोल फार पितो."

"पिऊ दे की. तुमचं पितोय, आमचं अजून झालं नाही."

"तसं नाही, बाहेरची हवा तब्येतीला बरी." जरा वेळानं तोच म्हणाला, "साहेब, जरा पळवा ना. अशी रांगवू नका. हिला वारा लागायला हवा."

"पुढं हातगाडी आहे," सावकाश म्हणाला.

"हॉर्न द्या."

"त्यांचंही काम चाललंय."

सावकाशचं लक्ष समोरच्या काट्यांकडं होतं. दिवसभर केसाच्या जाडीनं काच घासणारा डोळा तो. गरमपणाचा काटा मघा मोठ्या रस्त्यावर मधोमध गप्प बसला होता. इथं गाडी उभी राहिली की तो किंचित वर सरकायचा, चालू लागली की थांबायचा. पुन्हा उभी, पुन्हा वर.

"साहेब," शपथवाल्याचा आवाज आता पातळ झाला होता, "हीटर लावता का?"

आत्यानं मान वळवायचा प्रयत्न केला. सीटनं वळू दिली नाही. "काय लावता का?"

"हीटर. पायांना बरं वाटतं."

"माझ्या कपाळावरून घाम नाकावर आलाय आणि तुमचे पाय गारठले?"

"सवय आहे मला."

कवायतीच्या बाईला पोरं शिकवतात तितकं कुणी शिकवत नाही. 'बाई, मी पळू का' असं जो सारखं विचारतो त्याला एका जागी उभं राहायला काहीतरी अडचण असते, हे आत्याला अनुभवानं ठाऊक होतं. एकदा असाच एक पोरगा जागेवरून हलायला बघत होता म्हणून तिनं त्याला मुद्दाम उभा केला, तर त्याच्या सदऱ्याखालून मुख्याध्यापकांची घंटा निघाली होती. तिनं नुसतं पुतण्याकडं बघितलं.

सावकाशच्या डोक्यात गोष्ट उशिरा पोचते, पण पोचली की पक्की बसते. त्यानं गाडी बाजूच्या बोळात एका भिंतीच्या सावलीला घेतली आणि बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफेची बारीक रेघ वर निघाली.

"पंखा चालत नाही," तो म्हणाला. "इंजिन गार करायचा. पळवली की वाऱ्यानं गार राहते, उभी केली की तापते. म्हणून तुम्ही सगळ्यांना मोठ्या रस्त्याला नेता. आणि हीटर इंजिनची गरमी आत ओढतो, म्हणून तो हवा."

मागून आवाज आला, "आईशप्पथ, मला काही..."

"आईला मध्ये आणू नका," आत्या म्हणाली. "आई घरी सुखात असेल. मी आता इथंच बसते. पाठीला बरं वाटतंय. मी बसले की तुम्हीही बसलात. तुम्हाला उन्हाची सवय आहेच."

"बाई, पाय मेले हो माझे."

"हीटर लावू?"

भल्याभल्यांनी सत्य वदवायला काय काय केलं असेल, पण मागच्या सीटवर गुडघे कानाशी घेऊन बसलेल्याला काही विचारावं लागत नाही. सगळं आपोआप बाहेर आलं. पंखा गेला होता. गाडी एका उडाणटप्पू पोराची होती, त्यानं ती कधी उभीच केली नाही म्हणून त्यालाही पत्ता नव्हता. "आजवर वीस जणांनी चालवून बघितली," शपथवाला काकुळतीला येऊन म्हणाला, "सगळ्यांनी पळवली. अशी गाडी कुणी अशी चालवतं का?"

"आणि डॉक्टरीणबाई?"

"आहेत ना. माझ्या दातांच्या. गाडी त्यांची नाही."

सावकाश स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. आत्याला वाटलं, संपलं. आता हा 'विचार करून सांगतो' म्हणेल, नाहीतर सरळ नको म्हणेल, आणि पुन्हा रविवारचे रविवार जातील. तिला वाईट वाटलं. थोडं पोरासाठी आणि थोडं त्या सीटसाठी.

"घेतो," सावकाश म्हणाला.

"काय?" आत्या आणि शपथवाला एकदमच बोलले.

"पंखा नवा, तुमच्या खर्चानं. सीटची खिटी नीट. मग आमच्या गॅरेजवाल्याला दाखवणार, तो हो म्हणाला तरच पैसे. आणि आज मी ती तापवली म्हणून नाही, तुम्ही लपवलं म्हणून, आत्याच्या पैशांची गरज लागणार नाही इतका भाव खाली."

"अरे, विचार केलास का?" आत्या म्हणाली.

"मघाच्या हातगाडीपासून तोच करतोय."

शपथवाल्यानं शपथ न घेता मान्य केलं. त्याच्या ओळखीचे लोक सांगतात, असं पुन्हा कधी झालं नाही. मग आत्याला बाहेर काढायची पाळी आली. भिंतीशी आडोसा होता आणि बघायला कुणी नव्हतं. आत्यानं स्वतःच कवायतीच्या आवाजात एक, दोन, तीन म्हटलं. पुतण्यानं पुढून ओढलं, शपथवाल्यानं मागून सीटला तळवे लावून रेटलं, आणि ती बाहेर आली. तिच्यामागून तो बाटलीच्या बुचासारखा सुटला आणि किती तरी वेळ भिंत धरून उभा राहिला.

गाडी घरी आली. गॅरेजवाल्यानं दोन दिवस ठेवून घेऊन हो म्हटलं होतं. आणि नाव? गल्लीच्या तोंडाशी लाल बॉनेट दिसलं की लोक म्हणायचे, "सावकाश आला, पाणी ठेवा, उकळेपर्यंत दारात येईल." ज्यांना हे नाव ठाऊक नव्हतं असे परगल्लीतले लोकही ती गाडी जाताना बघून आपापल्या बुद्धीनं त्याला तेच नाव द्यायला लागले. साबण म्हणून आणलेल्या गाडीनं नाव धुतलं नाही, रंग मात्र पक्का केला. दर रविवारी आत्याला पाठीसाठी चक्कर व्हायची. डिकीत तिच्या उतरण्याचं लाकडी स्टूल असायचं. विमा एजंट दरवर्षी हप्ता कमी करताना संशयानं बघायचा.

वर्षं गेली. सावकाशचं लग्न झालं, पोर झालं, आणि चार दारांची गरज आली. लाल गाडी विकायला काढली. एक तरुण बघायला आला, बरोबर मित्र.

"किती पळवलीय काका?"

"पळवली नाही. हळूच चालवली. कायम."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "डॉक्टरीणबाईंची असेल," मित्र म्हणाला.

"नाही, माझीच," सावकाश म्हणाला. पोरांना खरं वाटावं म्हणून त्याच्या जिभेवर 'आईशप्पथ' आलं होतं, ते त्यानं गिळलं. किल्ली पुढं केली. "मोठ्या रस्त्याला नको. बाजारातून घ्या, उभी करून बघा. सावकाश चालवून बघा."

"बरं बरं," तरुण म्हणाला आणि मित्राला डोळा घातला.

सावकाश दारात उभा राहिला. कोपऱ्यावरच्या सिग्नलला गाडी थांबली. दिवा हिरवा झाला. बाकीच्या गाड्या निघाल्या. ही तिथं नव्हती.

तो बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. मग आत जाऊन आत्याजवळ बसला.

"आत्या," तो म्हणाला, "पळते गं चांगली."